एनबीए प्लेऑफ २०२५, पहिली फेरी: स्टार जिंकवतो की कच्ची जागा हरवते?

चोवीस_सेकंद | सोमवार, ५ मे २०२५, सकाळी ११.१०

आज सकाळी ह्यूस्टनमध्ये वॉरियर्सने रॉकेट्सला १०३-८९ असं हरवलं आणि एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफची (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांची) पहिली फेरी आटोपली. आठ मालिका, ४३ सामने; चार सामने आधी जिंकेल तो संघ पुढे. चर्चा सगळी एडवर्ड्स, ब्रन्सन, योकिच, करी यांचीच चालू आहे. माझं मत जरा वेगळं आहे. पहिल्या फेरीत सर्वात चांगला खेळाडू कोणाकडे आहे यापेक्षा सर्वात कच्ची जागा कोणाची आहे, यावर निकाल लागतो.

नियमित मोसमात प्रतिस्पर्धी रोज बदलतो, प्रशिक्षकाला तयारीसाठी जेमतेम एक दिवस मिळतो. प्लेऑफमध्ये दोन आठवडे समोर तोच संघ. दुसऱ्या सामन्यानंतर दोघांनाही पक्कं कळलेलं असतं की समोरचा कोण बचावात मागे पडतो आणि कोणाला थ्रीसाठी (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) मोकळं सोडलं तरी चालतं. मग दर पझेशनला (बॉल हातात आल्यावरच्या प्रत्येक चढाईत) त्याच वर्मावर घाव.

लेकर्स बघा. फेब्रुवारीत डॉन्चिचसाठी अँथनी डेव्हिस दिला. मार्क विल्यम्सचा सौदा वैद्यकीय तपासणीनंतर रद्द केला. उंच माणूस म्हणून राहिला जॅक्सन हेज, त्याच्यावरही भरवसा नाही. टिंबरवुल्व्ह्जविरुद्ध चौथ्या सामन्यात प्रशिक्षक रेडिकने दुसऱ्या हाफची सगळी २४ मिनिटं तेच पाच जण खेळवले: डॉन्चिच, लेब्रॉन, रीव्ह्ज, हाचिमुरा, फिनी-स्मिथ. तीन क्वार्टरनंतर ९४-८४ पुढे होते. चौथा क्वार्टर ३२-१९ असा गेला आणि सामना ११६-११३ ने गमावला. पाचव्या सामन्यात टिंबरवुल्व्ह्जने ४७ पैकी फक्त ७ थ्री घातले. असा संघ एरवी वीसने हरतो. पण त्यांच्या गोबेअरने २७ गुण आणि २४ रिबाउंड (चुकलेले शॉट पकडणं) काढले, वुल्व्ह्ज १०३-९६ ने जिंकले. चुकलेला प्रत्येक थ्री लेकर्सच्या रिंगखाली पडत होता आणि तिथे उंच माणूसच नव्हता.

तुम्हाला हे कोणत्या मालिकेत खोटं ठरलेलं दिसलं?

मिडरेंज | ११.३२

निक्स-पिस्टन्स. पूर्ण असहमत.

निक्सच्या बचावातली कच्ची जागा म्हणजे खुद्द त्यांचा स्टार ब्रन्सन. सहा फूट दोन इंच. पिस्टन्सचा केड कनिंगहॅम त्याला सतत स्क्रीनमध्ये (सहकाऱ्याने बचावपटूची वाट अडवणं) ओढत होता. तरी मालिका ४-२ ने निक्सकडे, कारण शेवटच्या पाच मिनिटांत बॉल कोणाच्या हातात आहे त्याला महत्त्व असतं. सहाव्या सामन्यात ११३-११३ होते. ब्रन्सनने ऑसार थॉम्पसनला समोर घेतलं, ड्रिबल चालू ठेवत घड्याळ खाली येऊ दिलं, एक क्रॉसओव्हर मारला आणि ऑसार इतका मागे गेला की ब्रन्सनसमोर हात वर करायला कोणी उरलं नाही. ४.३ सेकंद बाकी असताना थ्री. ११६-११३. ब्रन्सनचे ४०. आणि ऑसार हा त्यांचा सर्वात चांगला बचावपटू, कच्ची जागा नव्हे!

रिबाउंडराणी | ११.४१

पण त्यानंतरचं पझेशन पाहिलंत ना? पिस्टन्सना बरोबरीची संधी होती आणि बीझलीच्या हातून इनबाउंड पास (रेषेबाहेरून आत टाकलेला) निसटून बाहेर गेला. कनिंगहॅमशिवाय घाईत बॉल सांभाळणारा दुसरा माणूस नाही, हीच त्यांची कच्ची जागा. पहिल्या सामन्यात चौथ्या क्वार्टरमध्ये निक्सने २१-० ची मुसंडी मारली, तेव्हाही हेच झालं.

जर्सीसिटीकर | ११.५५

पिस्टन्सबद्दल थोडं आदरानं बोलू या. मागच्या मोसमात ८२ पैकी १४ सामने जिंकलेला हा संघ, यंदा ४४. दुसऱ्या सामन्यात गार्डनमध्ये, म्हणजे निक्सच्या घरच्या कोर्टवर, १००-९४ जिंकले तेव्हा २००८ पासून चालत आलेली प्लेऑफमधली सलग १५ पराभवांची मालिका तुटली. मालिकेचे सहाही सामने बघण्यासारखे होते.

आणखी एक गोष्ट. २-२-१-१-१ या रचनेत वरच्या मानांकनाला चार सामने घरी मिळतात, त्यालाच आपण होम कोर्टचा फायदा म्हणतो. इथे निक्सने डेट्रॉइटमधले तिन्ही सामने जिंकले आणि घरच्या तीनपैकी दोन हरले.

हूपवेडा | १२.०३

चौथ्या सामन्याचा फाउल दिला असता तर हे बोलायची वेळ आली नसती. निक्स ९४-९३ ने पुढे, शेवटचा क्षण, कॉर्नरमध्ये पिस्टन्सचा हार्डवे ज्युनियर थ्री मारतोय आणि निक्सचा जॉश हार्ट अंगावर आदळतो. शिट्टी नाही. तीन फ्री थ्रो मिळाले असते आणि दोन पडले असते तरी मालिका २-२. पंचांच्या प्रमुखाने सामन्यानंतर स्वतः मान्य केलं की फाउल द्यायला हवा होता. मग रिप्ले कशासाठी आहे?

रिबाउंडराणी | १२.१७

हूपवेडा, रिप्लेची चौकट समजून घेतली की राग कमी होणार नाही, पण निदान योग्य जागी जाईल.

प्रशिक्षकाचं चॅलेंज तीनच गोष्टींवर चालतं: दिलेला फाउल, बॉल कोणाकडून बाहेर गेला, आणि गोलटेंडिंग किंवा बास्केट इंटरफरन्स (रिंगपाशी बॉलला नियमबाह्य हात लावणं). त्यासाठी हातात टाइमआउट शिल्लक असावा लागतो. पहिलं चॅलेंज बरोबर निघालं तर दुसरं मिळतं. पण न दिलेल्या फाउलवर चॅलेंज घेताच येत नाही, आणि पंचांनाही स्वतःहून मॉनिटरवर जाता येत नाही. शिट्टी वाजलीच नाही, तर तपासायला निर्णयच नाही. शेवटच्या दोन मिनिटांत फरक तीन गुणांच्या आत आला असेल तर दुसऱ्या दिवशी लीग अहवाल काढते, त्यात चुका कबूल होतात. निकाल मात्र बदलत नाही. माझं स्पष्ट मत, शेवटच्या दोन मिनिटांत शूटरवरच्या संपर्काला तरी ही सूट द्यायला हवी.

मिडरेंज | १२.२०

+१. सूट फक्त शूटरपुरती. नाहीतर शेवटची दोन मिनिटं वीस मिनिटं चालतील.

नागपाड्याचा_नेम | १२.३४

गॉर्डनच्या डंकबद्दल अजून एक ओळ नाही? डेन्व्हर नगेट्स-क्लिपर्स, चौथा सामना. नगेट्सची २२ ची आघाडी क्लिपर्सने फस्त केली, ९९-९९. योकिचने अडचणीतून मारलेला लांबचा शॉट रिंगला शिवलासुद्धा नाही. अ‍ॅरन गॉर्डनने तो हवेतच पकडून आत कोंबला आणि बझर. १०१-९९. प्लेऑफच्या इतिहासात बझरवर डंकने सामना जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

सहावा_माणूस | १२.४८

तो रिप्ले फार बारकाईने बघण्यासारखा आहे. घड्याळ शून्यावर येऊन बोर्डाचा लाल दिवा लागण्याआधी बॉल हातातून सुटलेला असायला हवा. साध्या शॉटमध्ये हे सहज दिसतं. डंकमध्ये हात रिंगपाशी असतो आणि बॉल जाळीत जात असतो, त्यामुळे फ्रेम-फ्रेम पुढे सरकवूनच पंचांना ठरवावं लागलं. बोटं बॉलपासून सुटली आणि त्यानंतर दिवा लागला, फरक डोळ्याला दिसेल न दिसेल इतका.

त्या एका बास्केटमुळे नगेट्सचा १-३ ने मागे पडण्याचा धोका टळून २-२ झालं. १-३ वरून मालिका जिंकण्याचा पराक्रम एनबीएत आजवर १३ वेळाच झालाय. त्यातले दोन डेन्व्हरचेच, दोन्ही २०२० मधले. आधी जॅझ आणि मग हेच क्लिपर्स!

चोवीस_सेकंद | १३.०५

आणि सातव्या सामन्यात १२०-१०१. हार्डनचे ७ गुण. पहिल्या क्रमांकाचा बॉल-हँडलर सातव्या सामन्यात आक्रमण करेनासा झाला की क्लिपर्सकडे फक्त लेनर्ड उरतो, आणि नगेट्स त्याच्यावर दोन माणसं पाठवायला मोकळे. माझा मुद्दा मी सोडत नाही.

मिडरेंज | १३.११

मग ती स्टारची चूक झाली की कच्च्या जागेची? तुम्ही दोन्ही एकाच नावाने मोजताय.

जर्सीसिटीकर | १३.२६

मिडरेंजचा हा मुद्दा बिनतोड आहे.

माझ्या मते या फेरीतला सर्वात थरारक शेवट पेसर्स-बक्स पाचवा सामना. ओव्हरटाइममध्ये ४० सेकंदांपेक्षा कमी वेळ उरलेला आणि बक्स ७ ने पुढे, ११८-१११. नेमहार्डचा थ्री, ११८-११४. मग पेसर्सचा फुल कोर्ट दबाव, ट्रेंट ज्युनियरच्या हातून बॉल गेला, हॅलिबर्टनची बास्केट आणि वर फ्री थ्रो, ११८-११७. पुढच्या पझेशनला ट्रेंटलाच दिलेला पास त्याच्या हातून सुटून बाहेर. मग हॅलिबर्टन थेट यानिसला चकवून रिंगपर्यंत, ११९-११८, घड्याळात जेमतेम सेकंदभर. मालिका ४-१.

बक्सच्या यानिसचे ३० गुण, २० रिबाउंड, १३ असिस्ट (बास्केट मिळवून देणारे पास), आणि संघ बाहेर. इथे चोवीस_सेकंदचं म्हणणं शंभर टक्के लागू. त्यांचा लिलार्ड रक्ताच्या गुठळीतून बरा होऊन दुसऱ्या सामन्यात परतला होता आणि चौथ्या सामन्यात त्याचा डावा अकिलीस तुटला. त्यामुळे दबावाखाली बॉल पुढे न्यायला खात्रीचा माणूसच उरला नाही.

रिबाउंडराणी | १३.४०

अशा वेळी ७ ची आघाडी कशी टिकवायची, ते ठरलेलं गणित आहे. इनबाउंड करताना चार जणांपैकी दोन चांगले फ्री थ्रो मारणारे रिंगच्या आपल्या बाजूला, एक उंच माणूस मधल्या रेषेवर सुटकेसाठी, आणि पास नेहमी बॉलकडे येणाऱ्या खेळाडूला. बक्सचे खेळाडू जागेवर उभे राहून पास घेत होते. साइडलाइन आणि मधली रेषा यांच्या कोपऱ्यात बॉल घेतला की तिथे दोन बचावपटू पुरतात, बाकीचा बचाव त्या दोन रेषाच करतात. टाइमआउट असेल तर तो अशा वेळीच वापरायचा, म्हणजे इनबाउंड पुढच्या हाफमधून मिळतो आणि दबावच उरत नाही.

नागपाड्याचा_नेम | १३.५२

पेसर्सचा विषय निघालाय म्हणून आठवण करून देतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये पेसर्स आणि सॅक्रमेंटो किंग्ज खेळले होते. भारतातले पहिले एनबीए सामने. पहिलाच ओव्हरटाइमला गेला आणि पेसर्स १३२-१३१ ने जिंकले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. त्या पेसर्स संघातला मायल्स टर्नर २०२४-२५ च्या मोसमातही तिथेच खेळला. नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर पेसर्सच्या बाजूचे लोक का भेटतात, याचं एक कारण हे.

हूपवेडा | १३.५८

म्हणजे एका गुणाने ओव्हरटाइम जिंकायचा सराव पेसर्सनी मुंबईत केला :)

कोर्टवर_नवी | १४.२०

सगळे प्रतिसाद वाचले. मी क्रिकेटवाली, बास्केटबॉल याच वर्षी बघायला लागले. दोन प्रश्न. रॉकेट्सच्या सहाव्या सामन्यात वॉरियर्स त्या उंच स्टीव्हन अ‍ॅडम्सला मुद्दाम का पकडत होते, बॉल त्याच्याकडे नसतानासुद्धा? आणि सामना बघताना नजर कुठे ठेवायची? बॉलच्या मागे फिरून डोळे दुखतात.

सहावा_माणूस | १४.४५

पहिल्याचं उत्तर मी देतो. फ्री थ्रोमध्ये कच्च्या खेळाडूला मुद्दाम फाउल करून लाइनवर पाठवायचं, ही जुनी युक्ती. गणित साधं आहे. प्लेऑफमध्ये चांगला संघ एका पझेशनला साधारण एक गुण काढतो. समोरचा माणूस ५० टक्के फ्री थ्रो मारत असेल तर दोन फ्री थ्रोंतूनही सरासरी एकच गुण. म्हणजे ५० टक्क्यांच्या बराच खाली असेल तरच फायदा. अ‍ॅडम्सने त्या सामन्यात १६ पैकी ९ मारले, म्हणजे दर फेरीला १.१ च्या वर गुण. वॉरियर्सचा तोटाच झाला. सामना ११५-१०७ ने रॉकेट्सकडे.

यात कुठे फसतं ते बघा. एक, क्वार्टरमधले पहिले चार टीम फाउल होईपर्यंत समोरच्याला फक्त साइडचा बॉल मिळतो, फ्री थ्रो नाहीत. म्हणजे आधी ते चार ‘खर्च’ करावे लागतात, आणि मग साध्या झटापटीतल्या फाउललाही समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. दोन, सहा फाउलांना खेळाडू बाद, म्हणून हे काम बेंचवरच्यांकडून करून घ्यावं लागतं आणि तेवढा वेळ करीसारखा माणूस बाहेर. तीन, आणि हे सर्वात महत्त्वाचं: फ्री थ्रो चालू असताना रॉकेट्सना आपला झोन (माणसाऐवजी जागा राखणारा बचाव) सावकाश लावता येतो. वॉरियर्सची खरी ताकद पळापळीत, तीच त्यांनी स्वतः थांबवली. शिवाय क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत बॉलपासून लांब मुद्दाम फाउल केला तर एक फ्री थ्रो आणि बॉलही परत समोरच्यालाच, म्हणून तेव्हा कोणी करत नाही.

मिडरेंज | १५.०२

त्या झोनबद्दल थोडं. रॉकेट्सचा प्रशिक्षक उडोका अ‍ॅडम्स आणि शेंगून या दोन उंच माणसांना एकत्र ठेवतो, दोघं रिंगजवळ. पुढचे तिघे करीभोवती. यात मोकळे राहतात ते दोन्ही बाजूंचे कोपरे आणि विंग. सातव्या सामन्यात तिथे वॉरियर्सचा बडी हील्ड उभा होता. ११ पैकी ९ थ्री, ३३ गुण. सातव्या सामन्यातल्या थ्रीच्या विक्रमाशी बरोबरी, मागच्या वर्षी डिव्हिन्चेन्झोनेही नऊच मारले होते. करीला फारसं काही करावं लागलं नाही, त्याचे २२ मधले १४ चौथ्या क्वार्टरमध्ये आले.

रॉकेट्सची दुसरी बाजू अशी की जेलन ग्रीनने दुसऱ्या सामन्यात ३८ केले आणि सातव्यात ८. एक माणूस इतका वर-खाली होत असेल तर त्याच्याभोवती डावपेच आखता येत नाहीत. ऐमेन थॉम्पसन मात्र उत्कृष्ट. तो आणि पिस्टन्सचा ऑसार जुळे भाऊ. दोघांचे संघ याच फेरीत गेले.

चोवीस_सेकंद | १५.३०

कोर्टवर_नवी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

पहिली तीन मिनिटं बॉल विसरून जा आणि कोण कोणाला पकडतोय तेवढंच बघा. प्रशिक्षकाने आपला दुबळा बचावपटू कोणावर लपवलाय, ते इथे कळतं. सहसा समोरच्याचा जो कॉर्नरमध्ये उभा राहून फक्त थ्री मारतो त्याच्यावर.

मग स्क्रीन लावायला कोण वर येतोय ते बघा. तो लपवलेला माणूस ज्याला पकडतोय, नेमका तोच स्क्रीनला बोलावला जातो. सलग तीन पझेशन तसं झालं, तर त्या रात्रीचा डाव तुम्हाला कळला. बचाव तीन प्रकारे उत्तर देतो. दोघं माणसं बदलतात, म्हणजे स्विच. किंवा उंच माणूस मागे रिंगकडे सरतो. किंवा दोघं मिळून बॉलवर तुटून पडतात. तिसरा प्रकार आला की उलट्या बाजूला एक माणूस मोकळा, तिकडे नजर फिरवा.

आणि दुसऱ्या व चौथ्या क्वार्टरची सुरुवात चुकवू नका. स्टार तेव्हा बसलेले असतात. पहिल्या सामन्यातल्या निक्सच्या २१-० मध्ये बेंचवरून आलेल्या कॅमेरॉन पेनचा मोठा वाटा होता.

हूपवेडा | १५.४४

कॅव्हलियर्स-हीटबद्दल कोणीच लिहीत नाही, ते बरोबरच. चार सामन्यांतला फरक २१, ९, ३७ आणि ५५. बेरीज १२२, कोणत्याही प्लेऑफ मालिकेतली सर्वात मोठी. हीट हा दहाव्या स्थानावरून प्ले-इनमधून (प्लेऑफआधीच्या पात्रता सामन्यांतून) आलेला पहिला संघ, तिथेच त्यांचं इंधन संपलं.

रिबाउंडराणी | १६.०५

ग्रिझलीजचा तिसरा सामना मात्र जीव तुटेल असा. पहिल्या सामन्यात १३१-८० असा मार खाल्लेला संघ थंडरविरुद्ध हाफटाइमला २६ ने पुढे होता. पण दुसऱ्या क्वार्टरमध्येच त्यांचा स्टार मोरँट पडला, कंबरेला मार, परत आला नाही. थंडर ११४-१०८. चोवीस_सेकंद, ही ना स्टारची गोष्ट ना कच्च्या जागेची. शरीर टिकलं की नाही, एवढंच. लिलार्ड, मोरँट, दुसऱ्या सामन्यात पडलेला वॉरियर्सचा बटलर. तुमच्या सिद्धांतात याला जागा करा.

चोवीस_सेकंद | १६.२८

करतो. मूळ प्रश्न मी फार ताणला होता, हेही मान्य. सुधारून मांडतो: स्टार तंदुरुस्त असतील तर शेवटची दोन मिनिटं त्यांची, पण त्या दोन मिनिटांपर्यंत सामना बरोबरीत येतो की नाही ते कच्च्या जागेवर ठरतं. ब्रन्सनचा थ्री ११३-११३ असताना आला. लेकर्स तोवर दमून गेले होते.

म्हणूनच पुढच्या फेरीतल्या सेल्टिक्स-निक्स मालिकेत मला निक्सची काळजी वाटते. नियमित मोसमात सेल्टिक्स ४-०. निक्सच्या ब्रन्सन आणि टाउन्स या दोघांनाही एकाच पिक अँड रोलमध्ये (स्क्रीन लावून लगेच रिंगकडे पळणं) ओढता येतं आणि सेल्टिक्सचे पाचही जण थ्री मारतात, म्हणजे दोघांना लपवायला कोर्टवर कोपराच नाही. पिस्टन्सविरुद्ध ऑसारच्या समोर तरी लपता येत होतं, त्याला बाहेरून शॉट नाही.

मिडरेंज | १६.३५

सेल्टिक्सचे थ्री एका रात्री पडले नाहीत तर? माझं म्हणणं, निक्स गार्डनमध्ये एक आणि बॉस्टनमध्ये एक नक्की काढतील.

जर्सीसिटीकर | १६.५१

मला सहाव्या सामन्यापर्यंत गेली तरी आनंद. पेसर्सनी तर आजच क्लीव्हलँडमध्ये पहिला सामना १२१-११२ ने काढलाय, तेव्हा मानांकनावर फार विसंबू नका.

कोर्टवर_नवी | १७.१०

उत्तरांबद्दल मनापासून आभार. उद्याचे सामने भारतात किती वाजता? स्क्रीनला कोण वर येतो ते लिहून ठेवणार आहे.

सहावा_माणूस | १७.१८

सेल्टिक्स-निक्स पहाटे साडेचारला, थंडर-नगेट्स सकाळी सातला. एकच बघायचा असेल तर पहिला बघा, आणि ब्रन्सन सुरुवातीला कोणाला पकडतोय ते आधी लिहा. रेकॉर्डिंग बघणार असाल तर लीग पासमध्ये (एनबीएची स्ट्रीमिंग सेवा) स्कोअर लपवायचा पर्याय आधी चालू करा आणि हा धागा सकाळी उघडू नका, हूपवेडा साडेसातला निकाल टाकणारच.